पेट स्कॅन झाला, पण कोणत्या औषधाचा?

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या आरोग्य पुरवणीत पेट स्कॅनवर लेख आला होता. लेख सोपा होता, चित्रंही चांगली होती. पण त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडले. कॅन्सर शरीरात कुठेही असला तरी पेट स्कॅनमध्ये तो चमकून दिसतो, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. मेंदूच्या बाबतीत हे खरं नाही. आमच्या घराने ते खरं मानलं आणि त्यात आमचे दोन महिने गेले. म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सांगलीत 31 वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. मी डॉक्टर नाही. माझा थोरला भाऊ मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होता. 40 वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. राजापुरी कोणती, सेलम कोणती, हे तो पोत्यात हात घालून सांगायचा. 2021 च्या दिवाळीनंतर एका सकाळी सौदे चालू असताना त्याने ढिगातून मूठभर माल उचलला, एक कांडी मोडून आतला रंग पाहिला आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला काही सांगायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. "हे... हे पिवळं," एवढंच म्हणाला. 'हळकुंड' हा शब्द त्याला आठवला नाही. दुकानातल्या पोरांना वाटलं, उपाशी आहे, चक्कर आली असेल. संध्याकाळी वहिनीने मला फोन केला तेव्हा तो किल्लीला 'चमचा' म्हणत होता आणि आपण चुकतोय हे त्याला कळत होतं. त्याचं ते कासावीस होणं मी अजून विसरलेले नाही.

एमआरआयमध्ये डाव्या कानशिलामागे मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, तपासणीत ग्लिओब्लास्टोमा आला, म्हणजे मेंदूचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर. मग नेहमीचा उपचार: सहा आठवड्यांत रेडिएशनचे 30 शेक आणि रोज टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाची गोळी. 2005 पासून जगभर हाच उपचार पहिला मानतात. दादाने तो नेटाने घेतला. केस गेले, तोंडाची चव गेली, पण शब्द बरेचसे परत आले.

खरा घोळ त्यानंतर सुरू झाला. 2022 च्या मे महिन्यात एमआरआय केला तर ऑपरेशनच्या जागी पांढरा भाग आधीपेक्षा मोठा दिसत होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की गाठ परत आली असेल किंवा हा रेडिएशनचा परिणाम असेल. हे 'किंवा' आमच्या घरात जेवताना, झोपताना, सगळीकडे होतं. भाचा विचारायचा, "आत्या, किंवा म्हणजे काय? दोन्हीतलं काय ते सांगता येत नाही का त्यांना?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देते. एमआरआयच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक पक्का अडसर ठेवलेला आहे, वाटेल ते रक्तातून मेंदूत झिरपू नये म्हणून. तो अडसर जिथे फुटलेला असतो तिथे हे औषध झिरपतं आणि ती जागा पांढरी दिसते. अडसर गाठ फोडते, तसा रेडिएशनने भाजलेला भागही फोडतो. भिंतीला ओल आली एवढं दिसतं. ती नळ फुटल्याची की पावसाची, ते ओलीवरून कळत नाही. शेक संपल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांत तर गाठ वाढल्यासारखी दिसते आणि प्रत्यक्षात वाढलेली नसते, असं बऱ्याच रुग्णांमध्ये होतं. म्हणजे एमआरआयवाल्यांनी 'किंवा' लिहिलं ते प्रामाणिकपणे लिहिलं.

कुणीतरी सुचवलं, पेट स्कॅन करा, त्यात सोक्षमोक्ष लागेल. जवळच्या शहरातल्या एका सेंटरवर गेलो. कुठलं ते लिहीत नाही, कारण माझं भांडण एका सेंटरशी नाही. सकाळी उपाशीपोटी नेलं, बोटातून साखर तपासली, सुई टोचली, तासभर अंधाऱ्या खोलीत झोपवलं, मग डोक्यापासून मांड्यांपर्यंत फोटो काढले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात आला. शरीरात कुठेही अस्वाभाविक शोषण नाही. मेंदूबद्दल एकच ओळ होती: नैसर्गिक शोषण दिसते, एमआरआयशी ताडून पाहावे.

आम्ही 'कुठेही नाही' एवढंच वाचलं. वहिनीने गणपतीला पेढे ठेवले. फोनाफोनी झाली. पुढचा एमआरआय लांबला, कारण पेट 'क्लिअर' होता ना. मीही त्यात होते. 31 वर्षं रसायनशास्त्र शिकवलेली मी, टोचलेल्या औषधात काय होतं हे विचारलं नाही. ही चूक माझी आहे आणि ती इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

आषाढीच्या आदल्या रात्री दादाला मोठी फिट आली.

त्या सुईत एफडीजी होतं, म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज. बहुतेक कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात. ही खुणेची साखरही ओढून घेतात आणि त्या जागी ती साठते. फ्लोरिन-18 मधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनशी त्याची गाठ पडते, दोघे नाहीसे होतात आणि त्या जागेवरून दोन गॅमा किरण एकमेकांच्या बरोबर उलट दिशांना निघतात. रुग्णाभोवतीचं कडं ते दोन्ही एकाच क्षणी टिपतं आणि त्या रेषांवरून जागा शोधली जाते. मशीन फक्त फ्लोरिन कुठे आहे ते दाखवतं. कॅन्सर दाखवणं हे त्याचं काम नाही. फ्लोरिन कुठे जाणार, हे ते ज्या रेणूला बांधलंय तो रेणू ठरवतो.

फुप्फुस, लसिकाग्रंथी, आतडं अशा ठिकाणी एफडीजीचं काम चोख चालतं आणि त्याने किती जणांचे जीव वाचलेत याची गणती नाही. पण मेंदू हा स्वतःच साखरेवर जगणारा अवयव आहे. वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, आणि विश्रांतीत शरीर वापरतं त्या ग्लुकोजचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. म्हणजे एफडीजी टोचलं की निरोगी मेंदूही सगळा पेटलेला दिसतो. त्यात गाठ ओळखायची तर ती मेंदूपेक्षाही अधाशी असायला हवी, आणि पुष्कळदा ती तेवढी नसते. सांगलीकरांना सांगायचं तर हरिपूरच्या हळदीच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, उतरून हळदीचा डाग शोधण्यासारखं हे आहे. दादाला मी हे असंच सांगितलं होतं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग पेवात कशाला उतरवलं मला?"

फिट आल्यावर आम्ही मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, पेट परत करावा लागेल, पण वेगळ्या औषधाचा. त्यांनी कागदावर लिहून दिलं: एफईटी. मी पूर्ण नाव विचारलं. फ्लोरोइथिल टायरोसिन, म्हणाले. टायरोसिन! हे अमिनो आम्ल मी दरवर्षी फळ्यावर काढत आले. दुधाच्या केसीनमधून 1846 साली लीबिगने ते वेगळं केलं आणि चीजच्या ग्रीक नावावरून त्याचं नाव पडलं. आपल्या डाळीत, शेंगदाण्यात, पनीरमध्ये ते असतंच. त्याच्या टोकाच्या ऑक्सिजनला दोन कार्बनची शेपटी जोडायची आणि शेपटीच्या टोकाला फ्लोरिन-18. झालं एफईटी.

पेशींना प्रथिनं बांधायला अमिनो आम्लं लागतात आणि ती आत घ्यायला पेशीच्या भिंतीत वाहक असतात. गाठीच्या पेशींवर त्यातले काही वाहक नेहमीपेक्षा जास्त असतात. हेच वाहक मेंदूच्या अडसरातही असतात. त्यामुळे अमिनो आम्लाला आत जायला अडसर फुटलेला असावा लागत नाही, ते दारातून जातं. गॅडोलिनियम भगदाडातून शिरतं, एफईटी दारातून. एमआरआयला जे सांगता येत नाही ते या स्कॅनला सांगता येतं ते यामुळेच. आणि निरोगी मेंदू टायरोसिन फारसं ओढत नाही, म्हणून बाकीचा मेंदू फिका राहतो आणि गाठ त्यावर उठून दिसते.

आणखी एक गोष्ट कळली ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. वर्गात ऑप्टिकल आयसोमर शिकवताना मुलं दरवर्षी विचारायची, मॅडम, एकाच रेणूचं डावं रूप नि उजवं रूप, एवढ्याने काय बिघडतं? मी हातमोज्याचं उदाहरण द्यायचे. आता वाचलं की 1999 साली जर्मनीत म्युनिकच्या संशोधकांनी एफईटी पहिल्यांदा मांडलं तेव्हा त्यांनी उंदरांवर दोन्ही रूपं तपासली होती. एल, म्हणजे डावं रूप मेंदूत गेलं. डी, म्हणजे उजवं रूप जवळजवळ शिरलंच नाही. अणू तेच, वजन तेच, फक्त आरशातली प्रतिमा, आणि मेंदूच्या वाहकाने ती दारातूनच परत पाठवली. हे माहीत असतं तर 31 वर्षं मुलांना मी हेच उदाहरण दिलं असतं.

स्कॅनच्या दिवशीचं सांगते. आदल्या रात्री उतरलो होतो. सकाळचे चार तास काही खायचं नाही असं सांगितलं होतं. इथे साखरेचा प्रश्न नव्हता. जेवणातली अमिनो आम्लं त्याच दारांवर गर्दी करतात, म्हणून. दहा वाजता दादाला कपडे बदलून बसवलं. साडेअकराला सिस्टर येऊन म्हणाल्या, आजची बॅच पास झाली नाही, उद्या या. भाचा चिडला. मी त्याला बाजूला नेलं. औषध बनवल्यावर त्याची शुद्धता, आम्लता, रंग, सगळं तपासतात, आणि एकही आकडा हुकला तर ते रुग्णाला देत नाहीत. प्रयोगशाळेत आयुष्य घालवल्यामुळे मला त्या माणसाबद्दल आदरच वाटला, ज्याने 'नाही' म्हटलं. बाहेर रुग्ण थांबलेत हे माहीत असताना 'नाही' म्हणायला धाडस लागतं.

दुसऱ्या दिवशी औषध आलं. जाड धातूच्या आवरणात छोटी सिरिंज, आवरणाच्या काचेतून आतलं पाण्यासारखं स्वच्छ द्रव दिसत होतं. त्यावरच्या चिठ्ठीवर वेळ लिहिलेली होती, अगदी मिनिटासकट. दादाला आडवं करून डोकं पट्ट्यांनी हलू नये असं बांधलं आणि सुई टोचताच मशीन सुरू केलं. चाळीस मिनिटं तो तसाच पडून होता. बाहेर आल्यावर पहिला शब्द बोलला तो "चहा".

संध्याकाळी डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. मी वाकून पाहिलं. फिका, राखाडी मेंदू आणि त्यात डाव्या बाजूला मागच्या कडेला सुपारीएवढा तांबडा ठिपका. एमआरआयमध्ये सगळ्यात ठळक पांढरं दिसत होतं ते पुढच्या बाजूला. तिथे या स्कॅनमध्ये फारसं काही नव्हतं. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर पेनने रेघ काढली: पहिल्या काही मिनिटांत झपाट्याने चढणारी आणि मग हळूहळू उतरणारी. म्हणाले, चढून उतरते ती रेघ आम्हाला आवडत नाही, ती चांगल्या गाठीची नसते. रिपोर्टमध्ये आकडा होता 3.2, म्हणजे निरोगी मेंदूच्या 3.2 पट शोषण. 1.6 च्या वर गेलं की गाठीचा भाग धरतात, असं त्यांनी समजावलं.

सप्टेंबरमध्ये दुसरं ऑपरेशन झालं. मागच्या कडेच्या तुकड्यात जिवंत गाठ निघाली. पुढचा, ज्याला आम्ही मे महिन्यापासून घाबरत होतो तो भाग, बहुतेक मृत पेशींचा होता. दादा त्यानंतर तेरा महिने राहिला. त्यातले आठ-नऊ महिने बरे गेले. दिवाळीत तो यार्डात जाऊन बसला, कीर्दीची पानं चाळली, नातीला बेरीज शिकवली. मेमध्येच हा स्कॅन झाला असता तर किती फरक पडला असता, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही आणि मीही म्हणणार नाही. या रोगात सरळ हिशेब नसतो. पण दोन महिने आम्ही काहीच करत नव्हतो, कारण आम्हाला वाटत होतं काही उरलेलंच नाही. ते दोन महिने परत येत नाहीत.

उलटी गोष्टही मी तिथेच पाहिली. रांगेत आमच्या शेजारी लातूरकडचा एक तरुण शिक्षक होता, बायको बरोबर. त्याच्या एमआरआयमध्येही वाढ दिसली होती आणि गोळ्या बदलायचं चाललं होतं. त्याचा एफईटी स्कॅन फिका आला. रेडिएशनचाच परिणाम निघाला, गोळ्या तशाच चालू ठेवल्या. त्याच्या बायकोने तिथल्या बाकावर बसून जे रडून घेतलं, ते मी पाहिलं आहे. चुकीच्या भीतीने चांगला चाललेला उपचार बंद पडणं हेही नुकसानच.

हा स्कॅन म्हणजे देववाणी नाही, हेही लिहायला हवं. हळू वाढणाऱ्या काही गाठी अमिनो आम्लही फारसं ओढत नाहीत आणि त्यात दिसत नाहीत. नुकतीच फिट येऊन गेली असेल किंवा सूज असेल तर थोडं शोषण गाठीशिवायही दिसू शकतं. म्हणून वाचणारा डॉक्टर अनुभवी लागतो आणि शेजारी एमआरआय लागतोच. पण मेंदूच्या ग्लिओमासाठी, म्हणजे दादाला झाली त्या जातीच्या गाठींसाठी, साखरेपेक्षा अमिनो आम्ल सरस, हे आता एखाद्या डॉक्टरचं मत राहिलेलं नाही. मेंदूच्या गाठींवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने 2016 मध्ये तशी शिफारस केली, 2019 मध्ये युरोप-अमेरिकेच्या संघटनांनी मिळून स्कॅन कसा करायचा याच्या सूचनाही दिल्या. कल्पना तर त्याहून जुनी. मेथिओनिन या अमिनो आम्लाला कार्बन-11 लावून स्वीडनच्या संशोधकांनी 1983 सालीच दाखवलं होतं की सीटी स्कॅनमध्ये गाठ जेवढी दिसते तेवढीच ती असते असं नाही.

मग हा स्कॅन आपल्याकडे गावोगावच्या सेंटरवर का नाही? याचं उत्तर घड्याळात आहे, आणि ते मी माझ्या पद्धतीने मांडते. फ्लोरिन-18 चं अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटं. म्हणजे दर 110 मिनिटांनी ते निम्मं होतं. मुंबईत एक रुपयाचं औषध गाडीत ठेवलं आणि दवाखान्यापासून दवाखान्यापर्यंत पुण्याला पोचायला तीन तास चाळीस मिनिटं लागली, तर चार आणे उरतात. सांगलीला सात तास वीस मिनिटांत पोचलं तर एक आणा. घाटात गाडी अडकली तर तेवढंही नाही. कार्बन-11 चं अर्धायुष्य फक्त 20 मिनिटं. ते तर पुण्यापर्यंत हजारावा हिस्साही उरत नाही. मेथिओनिन वापरायचं तर सायक्लोट्रॉन, म्हणजे हे किरणोत्सर्गी अणू बनवणारं यंत्र, त्याच आवारात हवा. एफईटीला मात्र गाडीचा प्रवास चालतो. या औषधाचा सगळा फायदा त्यात आहे.

आता महत्त्वाचं. एफडीजीमधलं फ्लोरिन आणि एफईटीमधलं फ्लोरिन एकच आहे. दोन्हीसाठी ऑक्सिजन-18 असलेल्या पाण्यावर सायक्लोट्रॉनमधून प्रोटॉनचा मारा करतात. एफडीजी आज रस्त्याने लांबच्या सेंटरांपर्यंत रोज जातंच, पहाटे निघतं, शिशाच्या डब्यातून. म्हणजे फ्लोरिन आहे, गाड्या आहेत, स्कॅनर आहेत. कमी आहे ती एफईटी जोडण्याच्या सामग्रीची, ते तपासणाऱ्या केमिस्टची, परवानगीच्या कागदांची आणि 'हे करायचंच' म्हणणाऱ्या माणसांची. मेंदूच्या गाठीचे रुग्ण फुप्फुसाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरएवढे नसतात, म्हणून रोज बॅच काढणं कुणाला परवडत नसेल, हे मला समजतं. पण एका बॅचमध्ये अनेकांचे डोस निघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या रुग्णांना आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा एक ठरलेला वार द्या. एका सेंटरवर, एका दिवशी, सगळ्यांना बोलवा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर इथले लोक त्या वाराला येतील. बाजाराचा वार असतो तसा हा स्कॅनचा वार. मराठवाडा-विदर्भासाठी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला असंच काही ठरवता येईल.

आपल्याकडे हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन 2002 साली मुंबईतच आला, परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. ते केंद्र 1963 पासून चालू आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णांवर एफईटीचे अभ्यास करून ते प्रसिद्ध केले आहेत. ज्ञान राज्यात आहे. ते फक्त घाट चढून इकडे यायचं आहे. नवीन कॅन्सर सेंटरचं भूमिपूजन होतं तेव्हा भाषणात मशीनची किंमत सांगतात. त्या मशीनमध्ये जाणारं औषध कुठून येणार आणि कोण बनवणार, हे त्याच भाषणात सांगावं, अशी माझी मागणी आहे. रेडिओकेमिस्ट्रीची पदं आधी भरा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी एमएस्सी होऊन क्लास घेत बसलेत.

विम्याचं थोडक्यात सांगते. आमची फाइल परत आली, शेरा होता, पेट स्कॅन तीन महिन्यांपूर्वी झालेला आहे, पुन्हा का? आम्ही दोनदा पत्रं लिहिली की औषध वेगळं आहे, प्रश्न वेगळा आहे. शेवटी पैसे भाच्याने भरले. कागदावर दोन्हींचं नाव 'पेट-सीटी' असंच असेल तर टेबलामागच्या माणसाला फरक कसा कळणार? बिलात, रिपोर्टमध्ये आणि सरकारी योजनांच्या यादीत स्कॅनच्या नावाबरोबर औषधाचं नाव ठळक लिहायला हवं. त्याला एक पैसा खर्च नाही.

आणि सेंटरवाल्यांना हात जोडून विनंती: मेंदूच्या गाठीचा रुग्ण साखरेच्या स्कॅनसाठी आला तर पैसे घेण्याआधी त्याच्या घरच्यांना सांगा की यात मेंदूतलं नीट दिसेलच असं नाही. रिपोर्टमध्ये 'नैसर्गिक शोषण' असं लिहिता तेव्हा त्याच्याखाली मराठीत एक ओळ द्या की याचा अर्थ गाठ नाही असा होत नाही. आमच्या रिपोर्टमध्ये ती ओळ असती तर पेढे आणले नसते.

मी आता मिरजेला दर गुरुवारी एका औषधाच्या दुकानापाशी बसते. दुकानदार ओळखीचे आहेत, बाकडं देतात. मेंदूच्या गाठीच्या रुग्णांचे नातेवाईक चिठ्ठ्या घेऊन येतात, त्यांना मी रिपोर्ट वाचून दाखवते. सल्ला देत नाही, तो डॉक्टरांनी द्यायचा. डॉक्टरांना काय विचारायचं तेवढं एका कागदावर लिहून देते. त्या कागदाच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. गेल्या महिन्यात शिराळ्याची एक मुलगी आली होती, वडिलांचा रिपोर्ट घेऊन. तीच ओळ: नैसर्गिक शोषण, एमआरआयशी ताडून पाहावे. चेहऱ्यावर तसाच आनंद. तिला खाली बसवून सगळं सांगायला मला अर्धा तास लागला आणि तिचा चेहरा उतरताना पाहणं सोपं नव्हतं. पण ती त्याच आठवड्यात वडिलांना घेऊन मुंबईला गेली.

माझ्या पत्रासाठी जागा कमी पडत असेल तर दादाची सगळी हकिकत कापा, माझी हरकत नाही. झेरॉक्सवरची पहिली ओळ तेवढी चौकटीत छापा: "डॉक्टर, या स्कॅनसाठी कोणतं औषध टोचणार, आणि ते मेंदूतली गाठ दाखवतं का?"

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली
(घरच्यांच्या इच्छेवरून नाव छापू नये, ही विनंती.)